लिफ्टचं नाक

लिफ्ट तळमजल्यावर थांबली, दार उघडलं आणि नीरजाच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला.

तिने आधी मागे वळून पाहिलं. लिफ्टमध्ये दुसरं कुणी असणं शक्यच नव्हतं, तरी पाहिलं. मग ती बाहेर आली. तिच्या पाठीमागे दार मिटलं आणि रिकामी लिफ्ट स्वतःला धुऊन घ्यायला गच्चीवर निघून गेली. लॉबीत काचेपलीकडे बसलेला सुरक्षारक्षक तिच्याकडे बघत होता. त्याने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"मला काही झालेलं नाही," नीरजा म्हणाली.

"हो मॅडम," तो म्हणाला, पण खुर्ची पुन्हा पुढे आली नाही.

पुण्याच्या पश्चिम टोकाला उभ्या असलेल्या 'नीलमोहर' या चोवीस मजली इमारतीत त्या वर्षी लिफ्टला नाक बसवलं होतं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण सगळे नाकच म्हणत. लिफ्टच्या छताला तळहाताएवढी एक डबी होती. ती आतली हवा सतत ओढून घेई आणि एका ओलसर पापुद्र्यावरून फिरवी. त्या पापुद्र्यावर धुरतापाच्या विषाणूलाच पकडतील अशी प्रतिपिंडं चिकटवलेली होती. हवेत विषाणू असला की तो तिथे अडके, आणि तो अडकला की पापुद्र्यातून वाहणारा बारीकसा विद्युतप्रवाह बदले. लिफ्ट वरून खाली येईपर्यंत निकाल तयार. हिरवा दिवा लागला तर पुढचा माणूस आत जाऊ शके. लाल लागला तर लिफ्ट गच्चीवर जाऊन पंखे आणि अतिनील दिवे लावून स्वतःला स्वच्छ करी आणि मगच परत येई.

धुरतापाचं नाव लोकांनीच ठेवलं होतं. ताप यायच्या आधी दोन-तीन दिवस रोग्याला नसलेल्या धुराचा वास येई. कुणाला जळक्या दुधाचा, कुणाला पाचोळ्याचा. त्यामुळे गावभर लोकांनी उदबत्त्यासुद्धा लावणं बंद केलं होतं. खरा वास कुठला आणि खोटा कुठला, याचा घोळ नको.

लिफ्टही आता सगळ्यांनी मिळून वापरायची नव्हती. प्रत्येक मजल्याला सकाळी आणि संध्याकाळी ठरलेली वेळ होती. त्या वेळी इतर मजल्यांवरच्या लोकांनी दाराबाहेर पाऊलही टाकायचं नाही, आणि लिफ्ट मध्ये कुठेही न थांबता सरळ खाली किंवा वर जाणार. एकविसाव्या मजल्यावरचं शेजारचं घर बंद होतं, माणसं गावी निघून गेली होती. नीरजाचा नवरा हेरंब घरूनच काम करी. म्हणजे एकविसाव्या मजल्याच्या वेळी लिफ्टमध्ये असायची ती फक्त नीरजा. लाल दिव्याचा दुसरा कुठला अर्थ निघण्याजोगा नव्हता.

ती डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ होती. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत अशा माणसांचं रक्त यंत्रातून गाळून परत त्यांच्या अंगात सोडायचं, हे तिचं काम. साथ असो नाहीतर संप, ती माणसं दर एक-दोन दिवसांनी येणारच. न येऊन त्यांना चालतच नाही. केंद्राच्या दारात रोज तिची तपासणी होई. त्या दिवशी तिने मुद्दाम दोनदा करून घेतली. दोन्ही वेळा काही निघालं नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वर येतानाही दिवा लाल झाला.

दुसऱ्या दिवशीही तेच.

"तपासणीत काही येत नाहीये," तिने हेरंबला सांगितलं. तो बाल्कनीच्या दारात उभा होता, ती स्वयंपाकघराच्या दारात. मधला हॉल दोघांनी न ठरवताच मोकळा सोडला होता.

"सचिव दळवी म्हणत होते, नाक तपासणीच्या आधी ओळखतं. जास्त तिखट आहे ते."

"मी इतका घट्ट मास्क लावते. माझा श्वास त्या डबीपर्यंत जाईलच कसा?"

"गळत असेल कडेने."

मग जे बोलायला नको होतं तेच ती बोलली. "हेरंब, लिफ्टमध्ये मला वास येतो. मधेच कुठेतरी, दोन क्षण. ओवा आणि लसणीची सालं निखाऱ्यावर टाकल्यासारखा."

हेरंब एक पाऊल मागे सरकला. "धुराचा?"

"धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत देतात ना, तशी. खरा वास आहे तो."

"सगळ्यांना खराच वाटतो, नीरू."

त्याने त्याच दिवशी आपली गादी कामाच्या खोलीत नेली. भांडलाबिंडला नाही. तिचं ताट झाकून टेबलावर ठेवलं, पाण्याची बाटली भरून ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. एकोणीस वर्षांच्या संसारात त्याने तिचं ताट कधी वाढून ठेवलं नव्हतं. हे चांगलं की वाईट, ते नीरजाला ठरवता येईना. ती जेवली आणि प्रत्येक घासाला भाताचा, आमटीचा वास घेऊन बघत राहिली. सगळे वास जागच्या जागी होते. मग लिफ्टमधला तेवढा एकच खोटा कसा? आणि तो खोटा नसेल, तर लिफ्टमध्ये धुरी देणार कोण?

तिला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला. कपाळाला हात लावला की गरम वाटे. मग हातच गार आहे असं वाटे.

सोसायटीचे सचिव दळवी यांचा फोन आला. आवाज अवघडलेला होता. "वहिनी, राग मानू नका. नियम माझा नाही. लागोपाठ इतके लाल आले की लिफ्ट बंद करावी लागते. तुमच्यापुरती."

"मला रोज जावं लागतं, दळवी. माणसं यंत्राला लावायची असतात."

"जिना आहे ना."

"एकवीस मजले?"

"उतरायला तर काही नाही," दळवी म्हणाले आणि चढण्याबद्दल बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

सकाळी ती जिन्याने उतरली. केंद्राच्या दारातली तपासणी पुन्हा कोरी आली. केंद्रातल्या डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनीही डोकं खाजवलं. तिला रोग्यांपासून लांब, पाणी शुद्ध करायच्या यंत्रांवर बसवलं. दुपार व्हायच्या आत हेरंबचा फोन आला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

"मी खाली गेलो होतो. माझी औषधं आली होती, ती घ्यायला. आपल्याच वेळेत गेलो." तो थांबला. "लाल आला, नीरू."

"तुला?"

"मला! आणि तो वासही आला. ओव्याचा. तू म्हणत होतीस तसाच." मग एकदम, "तू दिलंस मला हे. मी वेगळा झोपलो, वेगळं जेवलो, तरी दिलंस."

"फाटकावरच्या तपासणी खोलीत जाऊन ये आधी."

"जाऊन आलो. काही नाही आलं. तुझ्यासारखंच! आता मी काय समजायचं?"

नीरजाने फोन ठेवला. दोघांच्या डोक्यात एकाच वेळी एकच खोटा वास? ताप संसर्गजन्य असतो, पण भासही असतो का? डबीवर एक मदतीचा क्रमांक लिहिलेला असे. रोज वर बघून बघून तो तिला पाठ झाला होता. तिने तो लावला.

पलीकडे रुबीना मुलाणी नावाची अभियंता होती. आवाज तरुण होता, पण तिने घाईने काही सांगितलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, दिवा लाल होतो म्हणजे काय होतं, तुमच्या मते?"

"म्हणजे मला रोग आहे."

"नाही. म्हणजे लिफ्टच्या हवेत विषाणू आहे. आमचं यंत्र हवा मोजतं, माणूस मोजत नाही. हवा आतल्या माणसाचीच असणार, हे लोक धरून चालतात."

"मग कुणाची असेल? आत मी एकटीच असते."

"सायकलचा पंप पाहिलाय ना? आतला दट्ट्या खाली दाबला की मागे पोकळी होते आणि तिथे हवा ओढली जाते. लिफ्टचा उभा बोगदा हा पंप आणि लिफ्ट हा दट्ट्या. ती जोरात गेली की मजल्यामजल्यावरच्या दारांच्या फटींतून लॉबीतली हवा बोगद्यात येते. आणि लिफ्टच्या पंख्याला जी बोगद्यात असेल तीच हवा मिळते. पूर्वी लिफ्ट थांबत थांबत जायची. आता तुम्ही लोकांनी ती न थांबता पळवायला लावलीय. ओढ वाढली असणार." रुबीना थोडी थांबली. "मला बघायला यावं लागेल. पण वास येतो म्हणालात, तो कुठल्या मजल्यापाशी?"

"मधेच कुठेतरी. लक्ष नाही दिलं मी. मला वाटलं, माझ्या डोक्यातच आहे."

संध्याकाळी एकविसाव्या मजल्याच्या वेळेला ती जिना चढायला लागली. आठव्या मजल्यापर्यंत पाय बरे चालले. बाराव्यापाशी छातीत घण पडायला लागले. पंधराव्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली, आणि तिथे तो वास होता.

ओवा, लसणीची सालं आणि त्याखाली कोळशाचा जड वास. आता मात्र नक्की झालंय आपल्याला, असं तिला वाटलं. मग तिने मास्कवरूनच नाक चिमटीत धरलं. वास गेला. सोडलं, वास आला. पुन्हा धरलं, गेला. डोक्यात असलेला वास नाक दाबून जात नाही. हे आधी का सुचलं नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली आणि त्याच वेळी तिला रडायलाही आलं.

जिन्याचं दार ढकलून ती लॉबीत आली. समोरच्या घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर वासंती ठोंबरे सुपाने आतला धूर बाहेर, लिफ्टच्या दिशेने, वारत होती.

वासंती तिची मैत्रीण होती. दोघी रविवारी मिळून भाजी आणायला जात. साथ आल्यापासून मात्र फोनच काय ते. आणि नीरजाच्या लाल दिव्याची बातमी फिरल्यापासून वासंतीचा फोनही आला नव्हता.

सूप वासंतीच्या हातातच राहिलं. "तू इथे कशी? तू तर लिफ्टने..."

"मला लिफ्ट बंद केलीय."

आतून खोकल्याचा आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, खोल.

"दादा आहेत?" नीरजाने विचारलं. वासंतीचे वडील मुलाकडे कराडला असतात, असं सगळ्यांना माहीत होतं.

"साथ सुरू व्हायच्या आधीच आणलं मी त्यांना. भावाला झेपेना." वासंतीने दार अर्धवट ओढून घेतलं. "त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत, नीरजा. मलाही कधी ताई म्हणतात, कधी मास्तरीणबाई. ताप आला तेव्हा मी कळवणारच होते. पण कळवलं की विलगीकरण केंद्रात नेतात. बरोबर कुणाला येऊ देत नाहीत. तोंड झाकलेल्या माणसांत ते एकटे... त्यांना कळणारच नाही आपण कुठे आहोत. भिऊनच मरतील. धुरी दिली की शांत होतात. आई द्यायची. खिडकी उघडली तर वरचे विचारतील धूर कसला. म्हणून तुमच्या मजल्याच्या वेळेला दार उघडते. तेव्हा लॉबीत कुणी नसतं ना."

नीरजा सहा हात लांब उभी होती. जिन्याने भरलेला श्वास अजून जाग्यावर आला नव्हता. "आणि मला लाल येतोय हे ऐकलंस, तेव्हा?"

"मला कुठे माहीत होतं, ही हवा तिथे जाते म्हणून! मला वाटलं, तुलाच झालंय." वासंतीने मान खाली घातली. "खरं सांगू? वाईट वाटलं, पण जरा बरंही वाटलं. सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडे होतं."

नीरजाला राग यायला हवा होता. तो येतोय का, हे तिने आत चाचपून पाहिलं. दोष द्यायला समोर एक माणूस सापडला होता, आणि त्या माणसाच्या हातात सूप होतं. तिला इतकंच जाणवलं की ती रोज ही हवा घेऊन केंद्रात जात होती, जिथल्या माणसांच्या अंगात आधीच काही उरलेलं नसतं. लोकांनी माणूस चुकीचा धरला होता. लिफ्टने धोका चुकीचा सांगितला नव्हता.

"हे असं चालणार नाही, वासंती. दळवींना कळवायला हवं."

"माहीत आहे मला."

"एक रुग्ण दुसऱ्याबरोबर राहू शकतो. आमच्याकडे डायलिसिसला येणाऱ्या एका काकूंना तिकडे नेलं तेव्हा नवराही आजारी होता, त्याला त्यांच्याच खोलीत ठेवलं. तू तपासणी केलीस का स्वतःची?"

"भीती वाटली. मला निघालं तर यांचं कोण करणार?"

नीरजाच्या पिशवीत केंद्रातून मिळालेली तपासणीची पट्टी होती. तिने ती जमिनीवर ठेवली आणि जिन्याच्या दारापर्यंत मागे झाली. वासंती ती घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा पट्टी दोन्ही हातांनी धरून होती, देवाच्या ताटातलं काही आणावं तशी.

"दोन रेघा आहेत," ती म्हणाली. "दोन म्हणजे झालंय ना?"

"झालंय."

"म्हणजे मला जाता येईल दादांबरोबर?"

"येईल."

वासंती हसली आणि हसता हसता दाराला टेकून खाली बसली. नीरजाने आजवर अनेकांना वाईट निकाल सांगितले होते. असा निकाल तिने कधी सांगितला नव्हता. अभिनंदन करावं की धीर द्यावा, तिला कळेना. "दार बंद ठेव," एवढंच ती म्हणाली. "खाली ओला टॉवेल लाव. आणि दळवींना फोन तू कर. मी नाही करणार."

वासंतीने फोन केला. दळवींनी आधी आरडाओरडा केला, मग रडक्या आवाजात विचारलं की पंधरा मजले म्हाताऱ्या माणसाला न्यायचं कसं? जिन्यात स्ट्रेचर वळणार नव्हतं. लिफ्ट वापरावी, तर बोगद्यातून ती हवा साऱ्या इमारतीत फिरणार. नीरजाने पुन्हा रुबीनाला फोन लावला. रुबीना म्हणाली, लिफ्टचा पंखा बंद करून ती अगदी हळू, दुरुस्तीच्या वेगाने उतरवा. दट्ट्या हळू सरकला की ओढ जवळजवळ राहत नाही. सगळ्यांनी दारांखाली ओले कपडे लावा, आणि खाली पोचल्यावर लिफ्ट दिवसभर बंद ठेवा.

सकाळी रुग्णवाहिका आली. पांढऱ्या पोशाखातली माणसं खोलीत येताच दादांनी पलंगाचा कठडा धरला आणि सोडेनात. नीरजा तिथेच होती. केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला आठवडाभर कामावर यायचं नाही असं सांगितलं होतं. रुग्णवाहिकेतला एक जादा पोशाख तिने मागून घेतला आणि आत गेली.

"दादा, गावाला जायचं. चला."

"गाडी आली?"

"आली."

ते उठले. लिफ्टमध्ये चाकांच्या खुर्चीवर दादा, एका बाजूला वासंती, दुसऱ्या बाजूला नीरजा. लिफ्ट इतकी हळू उतरत होती की हलतेय की नाही, कळत नव्हतं. छतावरचा दिवा पहिल्यापासून लाल होता. या वेळी त्यात कुणाला आश्चर्य नव्हतं. मधेच कुठेतरी दादा घाबरले. "तोंड का बांधलंय हिचं? सोडा तिला!" म्हणत त्यांनी हात वर केला आणि नीरजाचा मास्क एका हिसक्यात खाली ओढला. तिने तो लगेच चढवला. पण तेवढ्यात दादांना तिचा चेहरा दिसला होता. ते एकदम निवांत झाले आणि खाली पोचेपर्यंत तिचा हात धरून बसले. त्यांना ती कोण वाटली, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला सगळं कळलं. दळवींनी फोन करून माफी मागितली. खालचा सुरक्षारक्षक उभा राहून नमस्कार करायला लागला. लोकांचे निरोप आले, काहींनी फुलं पाठवली. वासंतीला मात्र त्यांनी असं काही धारेवर धरलं की नीरजाला ते निरोप वाचवेनात. कालपर्यंत हीच माणसं याच शब्दांत तिच्याबद्दल बोलत असणार.

संध्याकाळी हेरंबने आपली गादी परत झोपायच्या खोलीत आणली. उशी नीट केली, चादर ताणली, मग उगाच पुन्हा ताणली.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला.

"हो."

"यंत्र सांगत होतं. तूच सांग, मी कुणाचं ऐकायचं?"

यंत्र तर खरंच बोलत होतं. आणि तीही खरंच बोलत होती. "दोन-तीन दिवस थांब," ती म्हणाली. "मी त्या लिफ्टमध्ये होते. तू तिकडेच झोप." त्याला ती शिक्षा वाटली असावी. ती शिक्षा नव्हती, निदान तिला तसं वाटत नव्हतं. त्याने गादी पुन्हा उचलली.

वासंतीचा विलगीकरण केंद्रातून फोन आला. दादा जेवत होते, ताप उतरत होता. तिला स्वतःला बराच ताप होता, पण आवाज मोकळा होता. "इथे मला कुणी विचारत नाही, दार का उघडलंस," ती म्हणाली.

त्यानंतर एका सकाळी नीरजाने चहा कपात ओतला आणि तिला तो करपल्यासारखा वाटला. तिने नाक चिमटीत धरलं. वास गेला नाही.

तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ फिकट उमटली होती, पण उमटली होती. हेरंब हॉलमध्ये होता. तिने ती पट्टी लांबूनच त्याला दाखवली, आत गेली आणि आतून दार लावून घेतलं. या वेळी दार तिने स्वतः लावलं होतं. दाराखाली ओला टॉवेल दाबून ती पलंगावर बसली.

बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो दाराच्या अगदी जवळ येऊन थांबला.

"हेरंब, तिकडे जा. आता खरंच आहे मला."

"मास्क लावलाय. बाल्कनी उघडली आहे. तुझी खिडकी उघड, म्हणजे हवा त्या बाजूने बाहेर जाईल. मुलाणीबाईंना विचारलं मी."

"तू त्यांना फोन केलास?"

"तू टॉवेल लावत होतीस तेव्हा."

तिने खिडकी उघडली. वाऱ्याने पडदा बाहेर ओढला गेला. काही नव्हतं तेव्हा हा माणूस हॉलपलीकडे उभा होता, आणि आता आहे तर दारापाशी बसलाय. त्याला लाज वाटतेय, की हवा कुठून कुठे जाते ते आता कळल्यामुळे भीती गेलीय, की आणखी काही आहे? ती विचार करत राहिली आणि तिला कशाचाच थांग लागेना. डोकं जड व्हायला लागलं होतं. नाकात तो करपलेला वास होता.

"खायला काय करू?" बाहेरून आवाज आला.

"तुला काय येतं?"

"पोहे." मग जरा वेळाने, "कांदा आधी घालायचा की पोहे?"

"कांदा," नीरजा म्हणाली आणि तिने भिंतीला टेकून डोळे मिटले. "आधी तेल तापव. मग मोहरी. मी सांगते तसं कर."

खुर्ची हलली. पावलं स्वयंपाकघराकडे गेली आणि तिथून त्याने ओरडून विचारलं, "तापलं हे कसं कळतं?"

"मोहरीचा एक दाणा टाकून बघ," ती जमेल तितक्या मोठ्याने म्हणाली.